थेंबाची उधारी

हिवताप निर्मूलनाच्या दिवसांत खेड्यातल्या घराघराच्या भिंतीवर एक तक्ता छापलेला असे. दर पंधरा दिवसांनी एक माणूस येई, तीन प्रश्न विचारी आणि त्या तक्त्यात तारीख टाकून सही करी. घरात आत्ता कुणाला ताप आहे का? मागच्या खेपेनंतर कुणाला येऊन गेला का? तापलेला पाहुणा उतरलाय का? एका जरी प्रश्नाला ‘हो’ आलं की तो झोळीतून सुई आणि काचपट्टी काढी, बोट टोचून थेंब घेई, हातावर चार गोळ्या ठेवी आणि पुढच्या घराकडे वळे. आता ते तक्ते पुसले गेले, कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, ‘मलेरियावाला’ कागदोपत्री बहुउद्देशीय कर्मचारी झाला. प्रश्न मात्र तेच राहिले. आरमोरी तालुक्यात आजही सकाळी सातच्या आत एखाद्या अंगणात कुणी विचारताना ऐकू येतं, ‘ताप आला का जी कोणाला?’

सरकारी आरोग्य खातं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. डॉक्टर जागेवर आहे की नाही, सोनोग्राफी चालू आहे की बंद, औषध आत मिळतं की बाहेरून आणायला सांगतात. हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारायलाच हवेत. पण या खात्याचं बरंचसं काम जे लोक दवाखान्यात आलेलेच नाहीत त्यांच्यापाशी चालतं. ज्याला काही झालेलं नाही, किंवा झालेलं अजून कळलेलं नाही, त्याच्या दारात जाऊन त्याच्या बोटाचा थेंब मागायचा. खासगी दवाखान्याला हे कधी करावं लागत नाही. तिथे माणूस स्वतःहून येतो, पैसे देतो, रक्त देतो, निकाल मागतो. इथे खातं मागायला जातं. आणि मागून नेलेल्या वस्तूचा हिशोब द्यावा लागतो.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत येणारा रस्ता वैनगंगा ओलांडतो आणि आरमोरी लागते. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत दोन्हीकडे चंद्रपूरच होता. इथून दक्षिणेला गडचिरोली पस्तीसेक किलोमीटर, उत्तरेला वडसा आणि तिथलं रेल्वे स्टेशन, पूर्वेला वैरागड आणि त्यापुढे देलनवाडी, भाकरोंडीकडचं जंगल. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, आज तिथे किल्ल्याचे बुरूज आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आरमोरी गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. गाव कोसा रेशमासाठी ओळखलं जातं, आणि धानासाठी.

गडचिरोलीच्या आरोग्यावर लिहायला निघालेला माणूस सहसा आरमोरीला थांबत नाही. तो भामरागडला, एटापल्लीला जातो. खाटेवरून नाला ओलांडणारी बाळंतीण तिकडे भेटते, छायाचित्रही मिळतं. तिकडची हलाखी खरी आहे, तिच्याबद्दल लिहिलं गेलंच पाहिजे. आरमोरी मात्र मधली आहे. अर्धा तालुका नदीकाठच्या मोकळ्या धानपट्टीचा, अर्धा जंगलाचा. इथे बातमी होण्याइतकं काही रोज घडत नाही, आणि म्हणूनच खातं एरवी काय करतं ते इथे नीट दिसतं.

खात्याची रचना आधी सांगून टाकतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं त्यांच्याकडे आहेत. त्यांचा वरिष्ठ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुक्यात तालुका आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं थेट राज्याची, त्यांचा वरिष्ठ जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिल सर्जन. हिवतापाचा अधिकारी निराळा, कुष्ठरोगाचा निराळा. त्यावर २००५ नंतर आलेलं राष्ट्रीय आरोग्य अभियान, त्याचे कंत्राटी कर्मचारी. आणि सगळ्यांच्या खाली, म्हणजे सगळ्यांच्या पुढे, आशाताई, जिला कायद्यानं कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. एका उपकेंद्राच्या ओट्यावर चौघं बसलेले असले तर चौघांचा पगार चार खिडक्यांतून येतो, एकीचा तर पगार नसतोच, मोबदला असतो. गावाला हे ठाऊक नसतं आणि असायचं कारणही नाही. गावासाठी ते सगळे ‘दवाखान्याचे’.

आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे; सपाट प्रदेशात हेच आकडे ५,००० आणि ३०,०००. कागदावर ही सवलत वाटते. पण गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आणि २०११ च्या जनगणनेत माणसं १०,७२,९४२. चौरस किलोमीटरला चौऱ्याहत्तर. जंगलाकडच्या उपकेंद्राची तीन हजार माणसं कितीतरी गावांत आणि टोल्यांत विखुरलेली असतात, मध्ये नाले असतात. निकष डोकी मोजतो, नाले मोजत नाही.

आता पहिला थेंब, हिवतापाचा.

काचपट्टीवर तो दोन तऱ्हांनी घेतात. एका बाजूला दोन-तीन थेंब एकत्र करून जाड गोल, दुसऱ्या बाजूला एक थेंब दुसऱ्या काचेच्या कडेनं ओढून पातळ पदर. जाड भागात जंतू आहे की नाही ते पटकन सापडतं, पातळ भागात तो कोणत्या जातीचा ते ओळखता येतं. मग नंबर, नाव, वय, गाव. काच वाळली की केंद्रात जाते, तिथे जेएसबी नावाच्या रंगद्रव्यात बुडते. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या भारतीय शास्त्रज्ञांच्या नावांची ही आद्याक्षरं आहेत. स्वस्त आणि झटपट रंग देशातच बनवण्याची त्यांची ही कामगिरी देशभरच्या केंद्रांनी वर्षानुवर्षं वापरली. प्रयोगशाळा तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जाड भागाची किमान शंभर क्षेत्रं नजरेखालून घालतो. दिवसाला ढीगभर काचा असतात, बहुतेक कोऱ्या निघतात. कोऱ्या काचा बघत राहणं हे या खात्यातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत जबाबदारीचं काम असावं.

जुन्या पद्धतीतली खोट इथेच होती. काच गावातून केंद्रात, केंद्रातून निकाल गावात यायला आठवडा, पंधरवडा, कधी महिनाही लागे. तोवर संशयावर दिलेल्या क्लोरोक्विनच्या चार गोळ्यांनी ताप उतरलेला असे आणि माणूस रोवणीला किंवा तेंदूच्या फळीवर निघून गेलेला असे. देशाच्या पातळीवर याचे परिणाम पुस्तकात आहेत. १९५३ ला नियंत्रण, १९५८ ला निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, १९६१ ला देशभरात जेमतेम ४९,१५१ रुग्ण उरले होते. १९७६ ला ते ६४ लाखांवर गेले. डासांनी डीडीटी पचवलं हे एक कारण. खातं ढिलं पडलं, थेंब गेले आणि निकाल वेळेवर परतले नाहीत, हे दुसरं.

आज अंगणातच आरडी किट, म्हणजे झटपट तपासणीचं साधन, निघतं. पट्टीवर थेंब, वर द्रावण, पंधरा-वीस मिनिटं. निकाल त्याच अंगणात लागतो, ज्याचा थेंब त्याच्यासमोर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जंगलातल्या हिवतापाच्या कामात जे बदललं त्यात मला हा बदल सर्वांत मोठा वाटतो, मच्छरदाणीपेक्षाही. फाल्सिपेरम जातीचा जंतू निघाला तर तीन दिवसांच्या गोळ्यांचं पाकीट, वयानुसार निराळ्या रंगाचं: तान्ह्यासाठी गुलाबी, मग पिवळं, हिरवं, लाल, मोठ्या माणसासाठी पांढरं. वाचता न येणाऱ्या आईलाही कुठलं पाकीट कुणाचं ते कळतं. व्हायव्हॅक्स निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. या चौदा दिवसांत खरी परीक्षा असते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. चौथ्या दिवशी माणूस बांधीत उभा असतो आणि गोळ्या घरात खुंटीला लटकत असतात. जंतू यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी परत येतो. म्हणून आशाताईनं पुन्हा दारात जायचं असतं, रोज जमलं नाही तरी मधूनमधून, ‘गोळी खाल्ली का?’ विचारत. या विचारण्याचा फोटो निघत नाही.

फवारणीचंही एक सांगायला हवं. घराच्या आतल्या भिंतीवर कीटकनाशकाचा थर बसतो, डास चावून भिंतीवर टेकला की मरतो, असा तो हिशोब. पावसाळ्याच्या आधी आणि मध्ये फेऱ्या होतात. पुढे पोळा येतो, मग नवरात्र, मग दिवाळी. घरची बाई माती-शेणानं भिंती सारवते, चुना मारते. थर मातीखाली जातो. खात्याच्या सूचनेत ‘फवारणीनंतर भिंती सारवू नयेत’ हे वाक्य असतं. दिवाळीला घर न सारवण्याची सूचना देणारं खातं आणि ती मान डोलावून ऐकणारी बाई, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. देवघर आणि चूल तर फवारणीवाल्याला बहुतेक ठिकाणी बाहेरूनच बघावी लागते.

जंगलातला हिवताप आणखी एका बाबतीत अवघड आहे. जिथे तो पिढ्यान्‌पिढ्या आहे तिथे मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू असतो आणि ताप नसतो. तो हिंडतो, काम करतो, डासाला जंतू पुरवतो. म्हणजे ‘ताप आला का?’ हा प्रश्न त्याच्यापाशी निकामी ठरतो. म्हणून काही गावांत सरसकट सगळ्यांचं रक्त तपासावं लागतं. ज्याला काही होत नाही त्याला पटवायचं की बोट पुढे कर. इथे खात्याचा एक दोष लपत नाही. लोकसंख्येच्या दहा टक्के लोकांचे रक्तनमुने वर्षाला घ्यावेत असं जुनं प्रमाण आहे. मूळ हेतू चांगला होता: किमान एवढं तरी शोधा. पण उद्दिष्ट आलं की ते पुरं करण्याच्या सोप्या वाटाही येतात. रस्त्याकडेच्या गावात, शाळेच्या पटावर, हाताशी असलेल्या माणसांत दहा टक्के पुरे होतात. नाल्यापलीकडच्या टोल्यावर जो तापला होता त्याची काच त्या दहात नसते. अहवालात मात्र दोन्ही काचा सारख्याच मोजल्या जातात.

दुसरा थेंब रात्रीचा. हत्तीरोगाचा.

विदर्भातले चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर हे जिल्हे या रोगाचे जुने मुक्काम. इथे सुजलेला पाय बाजारात दिसला तर कुणी वळून बघत नाही, इतका तो सवयीचा. अंडवृद्धीबद्दल तर पुरुष बोलतच नाहीत. धोतरानं बरंच झाकलं जायचं, पँट आली तेव्हा अडचण झाली. हा रोग पसरवणारा क्यूलेक्स डास घाणपाण्यात, तुंबलेल्या गटारात वाढतो. त्यामुळे हा रोग जंगलापेक्षा गावठाणाचा, आरमोरीसारख्या वाढत्या गावांचा. त्याच्या कृमीची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, दिवसा शरीरात आत दडतात. ज्या डासाबरोबर त्यांना जायचं आहे तो रात्री चावतो, त्याची वेळ त्यांनी साधलेली असते. म्हणून तपासणी पथकाला साडेआठ-नऊनंतर घरोघर जावं लागतं आणि मध्यरात्रीपर्यंत हिंडावं लागतं.

कल्पना करून बघा. जेवणं आटोपली आहेत, घर मिटत आलं आहे, आणि दारात चारजण बॅटरी घेऊन उभे. काहून आले? रक्त घ्यायला. दिवसा काहून नाही आले? मग कृमीचं वेळापत्रक दारात उभं राहून समजवायचं. झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, याला एक सोयीची आणि एक गैरसोयीची बाजू आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे नाटकांचा हंगाम असतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव प्रयोग करतात, मंडई भरते, शंकरपट होतो, रात्रभर लोक जागे असतात. जागी माणसं भेटतात खरी, पण घरी भेटत नाहीत.

या रोगाचा उपाय म्हणजे सामुदायिक औषधोपचार. सगळ्यांनी, निरोग्यांनीही, ठरलेल्या फेरीत गोळ्या गिळायच्या. डीईसी वयाप्रमाणे, मोठ्यांना तीन, अल्बेंडाझोल एक, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे, त्यासाठी खुणा केलेली काठी. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, गंभीर आजारी सोडून सगळे. उपाशीपोटी नाही. आणि गोळ्या घरी ठेवून जायच्या नाहीत, समोर गिळवायच्या. या शेवटच्या अटीत सगळा झगडा आहे. शेतावर गेलेला नवरा, परगावी कामाला गेलेला पोरगा, ‘ठेवून जा ना बाई, जेवल्यावर खाईन’ म्हणणारा म्हातारा. ठेवून गेलेली गोळी अहवालात चढते, पोटात जातेच असं नाही. ज्याच्या अंगात कृमी असतात त्याला गोळीनंतर ताप, मळमळ, अंगदुखी होऊ शकते, कारण आतली पिल्लं मरतात. खात्याच्या दृष्टीनं ही गोळी लागू पडल्याची खूण. गावाच्या दृष्टीनं धडधाकट माणूस सरकारी गोळीनं आडवा झाला. त्या संध्याकाळी कुणी त्या घरी जाऊन बसलं, समजावलं, तापाची गोळी दिली, तर पुढच्या वर्षी ते घर उघडतं. कुणी गेलं नाही तर अख्खी गल्ली बंद होते. हे कुठल्याही पथकाला विचारा, माहीत असतं. ज्या अहवालात ‘किती गोळ्या वाटल्या’ हा रकाना ठळक असतो, त्यात ‘किती घरी परत गेलो’ याला तेवढी जागा नसते.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांना या गोळ्यांनी पाय परत मिळत नाही. त्यांच्यासाठी टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच असतो आणि पाय रोज कसा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या ठेवायच्या, हे शिकवणं असतं. अंडवृद्धीची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात फुकट होते. ती झालेला माणूस स्वतः चार जणांना घेऊन येतो, कारण हे दुखणं पुरुष फक्त तो भोगलेल्या पुरुषापाशीच बोलतात.

तिसऱ्या थेंबाची कथा पहिल्याशी जोडलेली आहे, आणि ती पूर्व आफ्रिकेतून सुरू होते. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरानं दाखवून दिलं की सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाचा एकच दोष वाहणाऱ्या माणसाला फाल्सिपेरम हिवताप जीवघेणा होण्यापासून संरक्षण मिळतं. जिथे हिवताप शतकानुशतकं माणसं मारत होता तिथे हा दोष टिकून राहिला, कारण तो वाहणारी मुलं जगली. विदर्भात जंगल होतं, फाल्सिपेरम होता, आणि सिकलसेल आहे. गोंड, परधान या आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर समाजांतही आहे. हिवतापापासून वाचवणारी ही देणगी दोघा वाहकांच्या घरी उलटते. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता अशी की मूल दोन्ही दोष घेऊन जन्मेल. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतील, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतील आणि हाडं फुटल्यासारखी दुखतील. थंडीत, पावसात भिजल्यावर, पाणी कमी पडल्यावर जास्त.

तपासणीची पहिली पायरी साधी आहे. नळीतल्या द्रावणात थेंब टाकतात आणि नळीमागे रेघा असलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर संशय. मग पुढची तपासणी, वाहक की रुग्ण हे ठरवायला. महाराष्ट्राच्या कार्यक्रमात पांढरं कार्ड निरोग्याला, पिवळं वाहकाला, लाल रुग्णाला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जाहीर झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. त्यामुळे शाळांतून, वसतिगृहांतून थेंब गोळा होण्याचा वेग वाढला.

पण हिवतापाचा निकाल आणि सिकलसेलचा निकाल सारखा नाही. पहिल्याबरोबर गोळी येते आणि पंधरा दिवसांत विषय संपतो. दुसरा जन्मभराचा असतो, आणि फक्त आपला नसतो. आईचा असतो, बापाचा असतो, अजून न ठरलेल्या नवऱ्याचा असतो. पत्रिकेऐवजी कार्ड जुळवा, ही घोषणा भिंतीवर लिहायला सोपी आहे. पिवळं कार्ड हातात आलेल्या मुलीला तिचं लग्न ठरताना ते दाखवायचं की गादीखाली ठेवायचं हा प्रश्न असतो. मुलाकडे पिवळं असलं तर त्याच्या घरी तो एवढ्या तीव्रतेनं उठत नाही; सोयरीक मोडल्याचा दोष कुणाच्या अंगावर येतो हे सांगायला नको. वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोघं वाहक असले तरच विचार करायचा, हे वाक्य शांतपणे, एकट्यात, दोनदा-तीनदा सांगावं लागतं. ते सांगायला समुपदेशक लागतो, वेळ लागतो, बंद दाराची खोली लागते. अभियानात थेंब मोजले जातात, कार्डं मोजली जातात. सांगितलं किती नीट, ते कसं मोजणार? मला विचाराल तर जिथे हे सांगायला माणूस नाही तिथे थेंब घ्यायची घाई करू नये. निकाल वर्गात नावानिशी वाचून दाखवण्यापेक्षा तो न दिलेला बरा.

लाल कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सियुरिया आणि लागलंच तर रक्त, हे वर्षानुवर्षं, खंड न पडता हवं असतं. हायड्रॉक्सियुरियानं दुखण्याचे झटके कमी होतात. गोळी रोज हवी, म्हणजे पुरवठा रोज हवा. एक महिना साठा संपला तर कुठल्या फलकावर लागत नाही, त्या घरात मात्र रात्री कळतं.

आता ज्या कामानं हा जिल्हा जगाला माहीत झाला ते. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. नवजात बाळं घरीच जन्मतात आणि घरीच मरतात, तर उपचारही घरीच गेला पाहिजे, असा त्यांचा सरळ विचार होता. ३९ गावांत थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणं. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून ही पद्धत, इंजेक्शन वगळून, देशभर आशांच्या हाती गेली.

यात वैद्यकाचं जे काही आहे ते आहेच, पण वेळापत्रक बघा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी जन्मलं असेल तर पहिल्याही दिवशी. परत जाणं इथे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही, तेच मुळात काम आहे. या सगळ्या भेटींचे तिला मिळून २५० रुपये मिळतात. हिवताप, हत्तीरोग, सिकलसेल या तिन्ही कार्यक्रमांत थेंब नेण्याचे दिवस ठरलेले असतात आणि परत येण्याचे बहुतेक सोडून दिलेले असतात. इथे उलट आहे. गडचिरोलीनं जगाला दिलेली गोष्ट हीच असावी असं मला वाटतं, आणि गडचिरोलीच्याच इतर कार्यक्रमांनी ती अजून पुरती घेतलेली नाही.

आशाताईच्या रोजच्या हिंडण्याबद्दल आणखी थोडं. आरमोरी तालुक्यातला माणूस जूनपासून पाण्याच्या आणि बाकीच्या महिन्यांत जंगलाच्या वेळापत्रकानं चालतो. मार्च-एप्रिलला पहाटे मोह वेचायला, मेमध्ये तेंदूपान तोडायला, जुलै-ऑगस्टला रोवणीला, दिवाळीच्या आगेमागे कापणीला. घरात माणूस सापडायचा तर सकाळी सातच्या आधी किंवा दिवेलागणीनंतर. पण दिवेलागणीनंतर आता वाघ आहे. वडसा वनविभागात आणि शेजारच्या भागात तेरा जणांचे बळी घेणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला, तरी भीती काही पिंजऱ्यात गेली नाही. २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूनं आलेला रानटी हत्तींचा कळपही या पट्ट्यात फिरतो. जंगलाकडच्या गावात संध्याकाळची भेट हा म्हणूनच कुणीतरी सोबत येण्याचा प्रश्न झाला. पावसाळ्यात पाल नदीचं पाणी पुलावर आलं की आरमोरी-गडचिरोली रस्ता बंद पडतो, कठाणी भरली की आणखी. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या बाईला म्हणून आधीच हलवावं लागतं. आदिवासी भागात त्यासाठी केंद्राशेजारी माहेरघर आहे, तिथे ती आणि सोबतची बाई राहू शकतात, बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाईही मिळते. घरी दोन लहान लेकरं आणि कोंबड्या सोडून यायला ती सहज तयार होत नाही, हे त्या योजनेच्या कागदात लिहिलेलं नाही.

आणि या सगळ्याची नोंद. गरोदर मातांची वही वेगळी, लसीकरणाची वेगळी, तापाच्या रुग्णांची वेगळी, जन्म-मृत्यूची वेगळी. मग तेच सगळं मोबाइलवर, प्रत्येक कार्यक्रमाच्या आपापल्या अ‍ॅपमध्ये, रेंज असेल तेव्हा. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा मागण्यांत मानधनाबरोबर ऑनलाइन कामाचा बोजाही होता. नोव्हेंबर २०२३ पासून ५,००० रुपयांची वाढ मिळाली. संपाच्या दिवसांत मुंबईत आकड्यांचा ओघ आटला, हे लगेच दिसलं. गावात बेचाळिसाव्या दिवसाची भेट हुकली, ते कुठे दिसलं नाही.

आता पुन्हा हत्तीरोगाकडे. त्याच्या निर्मूलनासाठी देशानं २०२७ ही मुदत ठरवली आहे. गोळ्या थांबण्याआधी प्रत्येक भागाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. आधी रात्रीच्या रक्तात कृमी असलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याखाली यायला हवं. मग सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी, म्हणजे पहिली-दुसरीचे वर्ग. ही मुलं गोळ्यांच्या फेऱ्या चालू असताना जन्मलेली. त्यांच्या रक्तात कृमीची खूण सापडली तर रोग अजून पसरतो आहे असा अर्थ. चाचणी दिवसा, शाळेतच होते, पट्टीवर थेंब टाकला की दहा मिनिटांत कळतं. ठरलेल्या संख्येहून कमी मुलांत दुसरी रेघ उमटली तर त्या भागातल्या गोळ्या थांबतात. जास्त निघाली तर त्या मुलांना औषध द्यायचं आणि आणखी दोन वर्षं दारोदार जायचं, तीच तीन वाक्यं सांगत: उपाशीपोटी नाही, आत्ताच खा, संध्याकाळी ताप आला तर मला बोलवा.